मागून उघडी लिफ्ट

शिमग्याच्या आधीचे हे दिवस आले की कोलशेतच्या आमच्या कोळीवाड्यात दुपारी एक ठरलेला वास सुटतो. खाडीवरून येणारा वारा कोरडा झालेला असतो. ओहोटीला चिखल उघडा पडून तापतो, दोरीवर वाकट्यांचे लांब मासे वाळत असतात, आणि होळीसाठी कुणी ना कुणी कपाटातल्या ठेवणीतल्या साड्या बाहेर काढलेल्या असतात. त्यांचा डांबरगोळ्यांचा वास चिखलाच्या वासात मिसळतो. माझ्या नाकात या वासाबरोबर परीक्षाही येते. यंदा माझं बीएचं शेवटचं वर्ष आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी पुस्तक उघडलं की घरातले आवाज कमी करतात. मला त्या शांततेचंच दडपण येतं. मग वाचता वाचता ओळ सुटते आणि मन दोन वर्षांपूर्वीच्या याच दिवसांत जातं, आमच्या इथे सिनेमाचं शूटिंग आलेलं तेव्हा.

तो सिनेमा तुम्ही कदाचित पाहिला असेल. नाव लिहीत नाही, कारण त्याच्याविरुद्ध माझी तक्रार आहे असं मला नक्की म्हणता येत नाही. एका वृद्धाश्रमाची जुनी लिफ्ट असते. आकाशातून काहीतरी येऊन तिच्या छतावर पडतं आणि ती लिफ्ट वेगळीच होते. जसजशी वर जाते, तसतसं आत उभ्या असलेल्या माणसाचं वय उतरत जातं. काठी टेकत आत शिरलेला माणूस वरच्या मजल्यावर शीळ घालत बाहेर येतो. पुढे खूप गंमत होते, नाच होतो, एक जुनं प्रेम पुन्हा जुळतं. शेवटी सगळे म्हातारे आपणहून लिफ्टनं खाली येतात, आपापल्या वयात परत, कारण नातवंडं त्यांना ओळखेनाशी झालेली असतात. थिएटरातून माणसं डोळे पुसत, हसत बाहेर पडतात. मीही पहिल्यांदा ही गोष्ट ऐकली तेव्हा मला ती छान वाटलेली.

त्या सिनेमाचं बरंचसं शूटिंग आमच्या मागच्या बंद कंपनीच्या शेडमध्ये झालं. त्या शेडमध्ये पूर्वी काय बनायचं ते आता कुणाला धड सांगता येत नाही, पण जागा मोठी, छप्पर उंच, आणि मोडक्या भिंतीतून खाडी दिसते. गर्दी पुरवायचं काम आमच्याच गावातल्या बबलूदादाकडे होतं. बबलूदादा म्हणजे लग्नाचा मंडपही घालतो, निवडणुकीत खुर्च्याही लावतो आणि शूटिंग आलं की लागतील तितकी माणसंही उभी करतो. तो एका दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि आईला म्हणाला, काकी, सिनेमात काम करायचं का, दोन दिवसांचं आहे, जेवण तिकडेच.

आई मासे विकते. आमच्या खाडीत आता फार काही लागत नाही, म्हणून ती पहाटे ठाण्याच्या बाजारातून माल आणते, सकाळी नाक्यावर बसते आणि उरलेलं जवळच्या टॉवरमधल्या ठरलेल्या घरी पोचवते. तिथे तिला मोठ्या लिफ्टनं जायची परवानगी नाही. वॉचमन मागच्या सर्व्हिस लिफ्टकडे बोट दाखवतो, जिच्यातून कचरा आणि फर्निचर जातं. आईला त्याचं काही वाटत नाही, किंवा वाटतं हे ती सांगत नाही. ती एवढंच म्हणते की त्या लिफ्टमध्ये आरसा नाय. एकदा सुट्टीत मी तिच्याबरोबर गेलेले. दार उघडणाऱ्या बाई साठीच्या असतील, पायात धावायचे बूट, केस कापलेले. त्या आईला म्हणाल्या, "मावशी, पापलेट ताजं आहे ना?" आई त्यांना मॅडम म्हणाली. आई तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. खाली येताना मी ते बोलून दाखवलं तर ती हसली. मासेवालीला सगळं जग मावशीच बोलतं, ती म्हणाली, त्यात वयाचा काय संबंध.

बबलूदादानं सिनेमाची गोष्ट आणि त्यातली म्हातारीची भूमिका सांगितली तेव्हा आईनं हातातलं काम थांबवून ऐकलं. मग तिनं एकच प्रश्न विचारला.

"लिफ्टीत मी शिरनार. आनि बाहेर कोन येनार?"

"तुम्हीच," बबलूदादा म्हणाला. "चेहऱ्याचे फोटो घेतात आणि कॉम्प्युटरवर वय कमी करतात. हल्ली सगळं होतं काकी. लग्नातल्यासारख्या दिसाल."

तो मुद्दाम खोटं बोलला असं मला वाटत नाही. त्यालाही कुणीतरी तसंच सांगितलं असेल.

पण आईसाठी ते वाक्य मोठं होतं. तिच्याकडे तिच्या तरुणपणीचा एकही फोटो नाही. लग्नाचा अल्बम होता. मी लहान असताना एका भरतीला पावसाचं आणि खाडीचं पाणी मिळून घरात शिरलं आणि अल्बमची पानं एकमेकांना चिकटली. ती सोडवायला गेलो तर कागद राहिला आणि चेहरे सोलून निघाले. माहेरी फोटो काढायची पद्धत नव्हती. त्यामुळे वीस-बावीस वर्षांची आपली आई कशी होती हे मला माहीत नाही, आणि खरं तर तिलाही नाही. बबलूदादा गेल्यावर ती परत कामाला लागली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकदा बगायचा हाय मना, मी कशी दिसायची ते."

इथे जी चूक झाली ती फक्त आमच्यासारख्या घरातच होऊ शकते, असं मला वाटतं. आमच्याकडे फोटो काढायचा म्हणजे नटायचं. बारशाचा असो, रेशन कार्डाचा असो, बाई आधी केस विंचरते, कपाळाला मोठं कुंकू लावते, गळ्यात असेल ते घालते. आईनं विचार केला तो असा: आपल्याला म्हातारी करायची म्हणजे ते लोक मेकअप करणार, सुरकुत्या काढणार, केस पांढरे रंगवणार. मग ते सगळं पुसून आत जी खरी बाई आहे ती दाखवणार. तर ती खरी बाई नीट असायला हवी. म्हणून शूटिंगच्या आदल्या दुपारी तिनं केस काळे करायचं पाकीट आणलं. मी जुन्या टूथब्रशनं भांगापासून एकेक बट घेऊन लावत होते. रंग कानाला लागला, मानेला लागला. ओट्यावर शेजारच्या प्रमिलाकाकी बसल्या होत्या. त्या आईपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या आणि जिभेनं तिखट. त्या म्हणाल्या, लगीन ठरलं का काय गो पुन्हा. आईनं रंगाचा हात त्यांच्या गालाला लावायची धमकी दिली. दोघी खूप हसल्या. उन्हात केस वाळवत बसलेली आई त्या दुपारी मला खरोखर लहान वाटली. दुसऱ्या दिवशी तिनं होळीसाठी ठेवलेली हिरवी साडी नेसली, केसांत अबोली घातली, आणि आम्ही दोघी शेडकडे गेलो. मी पुस्तक घेऊन गेलेले, म्हणजे अभ्यासही होईल.

शेडमध्ये माणसांचे दोन गट केले होते. एका गटाला ते 'बिफोर' म्हणत, दुसऱ्याला 'आफ्टर'. बिफोरवाले ताडपत्रीखाली खुर्च्यांवर, आफ्टरवाले एसी लावलेल्या गाड्यांमध्ये. एक चटपटीत मुलगी हातात फोन घेऊन सगळ्यांना हलवत होती. वयानं माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं आईला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"ये बाल किसने काले किये?"

"मैंनेच किया," आई म्हणाली. "अच्छा दिखने के वास्ते."

मुलगी काही वाईट बोलली नाही. फक्त ओरडून मेकअपच्या माणसाला बोलावलं. त्यानं आईची अबोली काढून बाजूला ठेवली आणि डब्यातली पांढरी पूड तिच्या केसांत चोळायला सुरुवात केली. हिरव्या साडीऐवजी एक फिकट, धुवून विटलेली साडी दिली. मी वाट पाहत होते की आता तो सुरकुत्या काढेल. त्याच्यासमोर पेटी उघडी होती, त्यात तऱ्हेतऱ्हेचे रंग होते. त्यानं ब्रश उचललासुद्धा. मग आईची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला, नीट बघितलं, आणि ब्रश परत ठेवला.

"चेहरे को कुछ नहीं करना," तो त्या मुलीला म्हणाला. "चेहरा परफेक्ट है."

आईच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी विसरू शकत नाही. तिला ते कौतुक वाटलं. घरी आल्यावर तिनं बाबांना सांगितलं, प्रमिलाकाकींना सांगितलं, नाक्यावरच्या बायकांना सांगितलं, की बाकीच्या बायकांना तासतासभर रंगवत होते, मला बोलले चेहरा परफेक्ट. बाबा टॉवरच्या गेटवर सिक्युरिटीत आहेत. ड्युटीवरून दमून आलेले होते, तरी म्हणाले, मग, उगाच का लगीन करून आणलेली.

लिफ्ट खरी नव्हती. प्लायवूडची होती, वर स्टीलसारखा चकचकीत पत्रा चिकटवलेला. दोन माणसं बाजूला दबून दाराच्या दोऱ्या ओढत. आत आरसा होता, बटणं लागत होती. समोरून बघितलं तर टॉवरमधल्या मोठ्या लिफ्टसारखीच, पण अर्धी मागची बाजू उघडी. तिथे भिंतच नव्हती. आईनं आत जायचं, आरशात बघायचं, थोडं हसायचं, दार बंद होईपर्यंत हलायचं नाही. तिनं ते फार सुंदर केलं. खरंच सांगते, मी तिची मुलगी म्हणून नाही. ती आरशात असं बघत होती जसं कुणी फार दिवसांनी भेटणार असलेल्या माणसासाठी स्टेशनवर बघतं. दार बंद झालं. त्याबरोबर मागून एकानं तिचा दंड धरला आणि म्हणाला, चलो आजी, जल्दी. ती मागच्या उघड्या बाजूनं बाहेर आली, वायरींमधून पाय उचलत, आणि मोडक्या भिंतीपाशी येऊन उभी राहिली. तिच्या जागी तीच साडी, पण कोरी करकरीत, नेसलेली एक उंच, गोरी मुलगी आत गेली.

त्याआधी एक गोष्ट झालेली. आईच्या हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण आहे. ती लहान असताना तिच्या आजीनं गोंदवून घेतलेलं. मेकअपच्या माणसानं आईला त्या मुलीशेजारी बसवलं, आईचे फोटो काढले, समोरून, डावीकडून, उजवीकडून, आणि मग बारीक ब्रशनं तेच तीन ठिपके त्या मुलीच्या हनुवटीवर काढले. मुलगी चांगली होती. तिनं आईला विचारलं, दुखलं होतं का तेव्हा? आई म्हणाली, आठवत नाय. आईला वाटलं, फोटो घेतले म्हणजे आता कॉम्प्युटरचं काम. ही पोरगी फक्त उभी राहण्यापुरती, तिच्यावर नंतर आपला चेहरा बसवणार. तिनं मला ते समजावूनही सांगितलं. मी हो म्हटलं. मला वेगळं वाटत होतं, पण मला तरी सिनेमातलं काय कळत होतं?

त्या वर्षी होळीला बायकांनी तिला 'बिफोर' हे नाव पाडलं. ए बिफोर, पुढे ये गो. ए बिफोर, नारळ धर. ती चिडायची नाही. होळीच्या संध्याकाळी आमच्याकडे बायका फेर धरतात. आई तिच्या हिरव्या साडीत नाचली, पांढरी पूड धुवून केस पुन्हा काळेभोर झालेले, आणि ती इतकी नाचली की तिच्यापेक्षा लहान पोरी दम लागून बाजूला झाल्या. मी परवाच्या पेपरसाठी घरी जायचं म्हणून उठले आणि तशीच उभी राहिले. मला वाटलं, फोटो नसला तर नसो, ही बघ, ही अशी होती. हे मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं की काय, असं आता वाटतं. पण ती तर सिनेमाची वाट बघत होती.

सिनेमा लागायला पुढचा पावसाळा उलटला. डोंबिवलीला मानपाड्याला माझी मावशी राहते, आईची धाकटी बहीण. तिनं हट्ट धरला की तिच्याच इथल्या थिएटरात बघायचा, म्हणजे तिच्या चाळीतल्या बायकांनाही दाखवता येईल. आम्ही सगळ्या एका रांगेत बसलो. आईनं पदर नीट घेतला होता, जणू पडद्यावरून तिला कुणी बघणार होतं.

तिचा भाग मध्यंतराच्या आधी आला. विटकी साडी, पांढरे केस, आणि पडद्याएवढा मोठा तिचा चेहरा. मावशी आणि चाळीतल्या बायका ओरडल्या, अगं ही बघ, ही बघ! आई खुर्चीत पुढे सरकली. पडद्यावरची आई आरशात बघून हसली. दार बंद झालं. मजल्यांचे आकडे पेटत गेले, संगीत चढत गेलं. दार उघडलं आणि ती मुलगी बाहेर आली. उंच, गोरी, हनुवटीवर तीन ठिपके. सगळ्या थिएटरात शिट्ट्या वाजल्या, टाळ्या पडल्या. आमच्या रांगेतही काहींनी वाजवल्या, चूक लक्षात यायच्या आधी.

आई काही क्षण थांबली. तिला वाटलं असावं की अजून काही आहे, हे सुरुवातीचं, आता चेहरा बदलेल. ती मुलगी नाचत नाचत जिना उतरून गेली. मग दुसरी माणसं आली.

"ही मी नाय," आई हळूच म्हणाली.

"गोंदन तरी तुझंच हाय," मावशी म्हणाली. तिला बरं वाटावं म्हणूनच म्हणाली.

मध्यंतरात आईनं समोसा घेतला नाही. पुढचा सगळा सिनेमा मात्र तिनं मन लावून बघितला. शेवटी म्हातारे आपल्या इच्छेनं खाली येतात तिथे सगळे रडत होते, मावशीही. आई रडली नाही. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, तो मेकअपवाला बोलला होता ना, चेहऱ्याला काही करायची गरज नाय, ते ह्यासाठी?  मग तीच म्हणाली, राहू दे, आणि रिक्षा बघायला पुढे गेली.

त्यानंतर ती बदलली असं म्हणणं सोपं आहे, आणि मला खात्री नाही की तसं एकदम काही झालं. बर्फ हाताळून हात सुजतातच, नाक्यावर ऊन लागतंच, आणि तिची पाठ आधीपासून दुखायचीच. पण केस काळे करायचं पाकीट तिनं पुन्हा आणलं नाही. मावशी म्हणणाऱ्याला ती अजून हसून उत्तर देते, आजी म्हणणाऱ्यालाही देऊ लागली. पूर्वी ती म्हणायची, आजी कुनाला बोलतोस रे, तुझी आई माझ्या वयाची. गेल्या होळीला फेर सुरू झाला तेव्हा कुणीतरी हाक मारली, बिफोर, ये गो. ती ओट्यावर म्हाताऱ्या बायकांमध्ये बसली होती. तिनं हातानं खुणेनं सांगितलं, तुम्ही नाचा. हाक मारणारीनं पुन्हा मारली नाही. हळूहळू ते नावही मागे पडलं. थट्टा करण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

कॉलेजात आम्हाला 'साहित्य आणि सिनेमा' असा एक विषय आहे. सरांनी चर्चेला हाच सिनेमा घेतला, कारण तो सगळ्यांनी पाहिलेला. मुलं खूप चांगलं बोलली. वय हा मनाचा खेळ आहे, म्हातारपणही साजरं करता येतं, असं. मी सहसा बोलत नाही, माझे शब्द कुठेतरी अडखळतात. त्या दिवशी बोलून गेले की त्यात माझी आई आहे. सगळे वळले. कुठला सीन, कुठला सीन? मी सांगितलं, लिफ्टमध्ये आरशात बघून हसते ती. एक मैत्रीण मनापासून म्हणाली, "ती आजी? तुझी आई आहे ती? मेकअप काय भारी केलाय गं!"

"मेकअप नव्हता," मी म्हटलं.

सरांनी घसा साफ केला आणि चर्चा पुढे नेली. मला कुणाचा राग आला नाही. सिनेमाचं म्हणणंही मला पटतं, की आपल्या वयात परत यावं, ते सुंदर असतं. फक्त परत यायला आधी ते वय आपल्याला मिळालेलं असावं लागतं, एवढंच मला सांगायचं होतं. आईचं तरुणपण खर्च झालं तेव्हा ते कुणी बघत नव्हतं, ती स्वतःसुद्धा नाही. आणि मधलं वय, ज्याच्यात ती खरं तर अजून आहे, ते तिच्या हातून एका दुपारी काढून घेतलं. ज्या सिनेमात सगळी माणसं तरुण झाली, त्यात एक बाई तेवढी म्हातारी झाली. हे परीक्षेत लिहिता येणार नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

परवा दुपारी बबलूदादा पुन्हा ओट्यावर आला. पुन्हा कसलं तरी शूटिंग आहे, मसाल्याची जाहिरात. ह्या वेळी म्हातारी नको आहे, तो म्हणाला, कॉलेजात जाणाऱ्या मुलीची आई हवी, चाळीस-पंचेचाळीसची. मी दारात पुस्तक घेऊन बसले होते. मला एकदम फार बरं वाटलं. आता हे तर तिचंच काम. तिचं स्वतःचं वय, आणि कॉलेजात जाणारी मुलगी तर दारातच बसलेली.

आई कोळंबी सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"प्रमिलाला विचार," ती म्हणाली. "तिला शोभंल."

"आई, प्रमिलाकाकी बावन्नच्या आहेत," मी म्हटलं. "तू सेहेचाळीसची आहेस."

"कागदावर," आई म्हणाली.

तिच्या आवाजात दुःख नव्हतं. भाव सांगावा तसं तिनं सांगितलं. मी बबलूदादाकडे बघितलं. मला वाटलं तो म्हणेल, काय काकी तुम्हीपण. त्यानं आईकडे नीट पाहिलं, थोडा वेळ, शूटिंगवाले बघतात तसं. मग तो उठला, चपला पायात सरकवल्या आणि प्रमिलाकाकींच्या दाराकडे गेला.